सेन्सर बदलूनही चेक लाइट लागते? इलेक्ट्रिशियनकडे जाण्याआधीची तयारी

इंजिनच्या तापमानाचा सेन्सर नवा टाकला, स्कॅनरने दोषाचा कोड पुसला, गाडी हातखंब्यापर्यंत जाऊन आली आणि डॅशबोर्डवरची चेक लाइट पुन्हा हजर. किनाऱ्यावरच्या जुन्या ट्रकवाल्यांना हा प्रकार नवा नाही. अशा वेळी आणखी एक सेन्सर मागवण्याआधी एक अख्खी सकाळ मोकळी काढा आणि तिची जमवाजमव आदल्या दिवशीच करून ठेवा. मी मासळीचा ट्रक डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, पण चिरा वाहणाऱ्या गाडीलाही यातलं बहुतेक लागू पडतं.

आधी कोड वाचून घ्या, पुसू मात्र नका. कोड बसला त्या क्षणाचे आकडे, म्हणजे आरपीएम, लोड, वेग, तापमान, बऱ्याच गाड्यांचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जपून ठेवतो. कोड पुसला की तेही जातात. स्कॅनरच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. ‘टेम्परेचर सेन्सरचा कोड आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, पूर्ण आकडा हवा. पी०११७ म्हणजे सर्किटचं व्होल्टेज फार कमी, बहुधा वायर कुठेतरी अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडलेल्या धातूला, टेकलीय. पी०११८ म्हणजे व्होल्टेज फार जास्त, बहुधा सर्किट कुठेतरी तुटलंय. अवजड गाड्यांत हेच एसपीएन (दोष कशाचा तो आकडा) ११० म्हणून दिसतं आणि त्यापुढचा एफएमआय (दोषाचा प्रकार) ४ असेल तर कमी, ३ असेल तर जास्त. दोन्हींत तक्रार सर्किटची आहे. सेन्सर हा त्या सर्किटचा एक तुकडा. बाकी मीटरच्या मीटर वायर, कपलर (वायर जोडणारा प्लग) आणि अर्थ यांना कोणी विचारतच नाही, कारण दुकानात विकत मिळतो तो सेन्सर.

मग ड्रायव्हरला बसवून नीट विचारा. ‘शेठ, घाट चढताना लागते, खाली उतरलो की जाते,’ असं तो म्हणाला तर ते वाक्य वहीत तसंच लिहा. भर आंबा घाटात लागते की बंदरावर उभी असताना? पावसातच लागते का? गाडी धुऊन आणल्यावर लागली का? बॉडीला हल्ली कुठे वेल्डिंग झालंय का, आणि झालं असेल तर तेव्हा बॅटरीची वायर काढली होती का? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही, तरी विचाराच.

स्कॅनर कोणाचा आणायचा हे आधी ठरवा. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ हे गाड्यांच्या धुराचं मानक देशभर लागू झालं, त्या काळातल्या काही ट्रकना कारसारखं १६ पिनचं सॉकेट असतं, काहींना गोल ९ पिनचं. सॉकेट बघून त्याचा फोटो इलेक्ट्रिशियनला पाठवून ठेवा. कारसाठी घेतलेला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर २४ व्होल्टच्या गाडीला लावू नका. बाकी सामान थोडकं आहे: डिजिटल मल्टिमीटर, कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक पॉलिश पेपर, हीट श्रिंक नळी, डायलेक्ट्रिक ग्रीस, टॉर्च आणि दोन-चार टाचण्या. टाचणी कपलरच्या मागून वायरलगत सरकवून व्होल्टेज बघायला. मल्टिमीटरची जाड टोकं समोरून पिनच्या भोकात घुसवली की पिन सैल होते आणि उद्याचा दोष आजच तयार होतो. बल्बवाला टेस्ट लॅम्प ईसीएमच्या वायरींपासून लांब ठेवा.

खरी मेहनत मिठाशी आहे. मासळीच्या गाडीत बर्फ वितळून खारं पाणी चेसिसवर ठिबकत राहतं, आणि नेमकी तिथूनच वायरिंग जाते. पाणी खाली सोडणाऱ्या नळीचं तोंड कुठे उघडतं ते वाकून बघा. ती हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) किंवा अर्थच्या बोल्टवर ठिबकत असेल तर आधी नळी लांबवा, नाहीतर बाकी सगळं काम चार महिन्यांत वाया. अर्थची वायर वरून बरी दिसते म्हणून सोडू नका. लग (वायरच्या टोकाची बोल्टखालची कडी) सोडवा, इन्सुलेशन बोटांनी दाबा. आतून मऊ, भुसभुशीत लागलं तर कापून बघा. तार काळी पडलेली किंवा हिरवा चुरा झालेली निघेल, आणि हा चुरा इन्सुलेशनच्या आत हातभर लांबही गेलेला असतो. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जावं लागतं. पावसाळ्यानंतर उंदरांनी कुरतडलेलं काही आहे का, हेही याच वेळी बघून घ्या.

डोळ्यांनी झालं की मीटर. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर ठेवून सेल मारायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर अर्थ खराब. चावी ऑन ठेवून सेन्सरच्या स्वतःच्या अर्थ वायरवर हेच मोजा, तिथे ०.१ व्होल्टच्या आत हवं.

आता सेन्सरचा कपलर काढा आणि चावी ऑन करा. दोन वायरींपैकी एकीवर ५ व्होल्टच्या जवळपास यायला हवेत. स्कॅनरवर तापमान उणे ४० किंवा तसलंच काहीतरी अशक्य दिसेल. मग कपलरच्या त्या दोनच पिन एका बारीक तारेने जोडा. आकडा वरच्या टोकाला उडी मारेल आणि पी०११८ च्या जागी पी०११७ बसेल. असं झालं तर वायर आणि ईसीएम निदान त्या क्षणी तरी ठीक आहेत, संशय सेन्सरवर आणि कपलरच्या पकडीवर. काहीच बदललं नाही तर सेन्सर निर्दोष, शोध वायरीत. दोष दिसल्यावर काही ईसीएम स्वतःचाच ठरावीक आकडा दाखवतात, म्हणून आकड्यापेक्षा कोड बदलतो का यावर भर द्या. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरला. तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरला असलं काही करू नका. कॉमन रेलच्या, म्हणजे इंजेक्टरना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या, पाइपचा नट तर चालू इंजिनवर सैल करायचाच नाही, आतला दाब हजार बारच्या वर जातो आणि त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं.

थंड इंजिनवर पहाटे सेन्सरचा रेझिस्टन्सही मोजून ठेवा. बऱ्याच सेन्सरना ३० अंशांच्या आसपास दीड-दोन हजार ओहम मिळतात, इंजिन तापून ८० अंशांना आलं की तीनशेच्या जरा वर. तुमच्या गाडीचा तक्ता मिळाला तर तोच धरा. कूलंटची पातळीही तेव्हाच बघा. ते कमी असेल तर सेन्सर हवेत लटकतो आणि आकडे भरकटतात.

एवढं करून सेन्सरच खराब निघाला, तर जुन्यावरचा पार्ट नंबर उतरवूनच कोल्हापूरहून मागवा, नुसतं मॉडेल सांगून नाही. कोड पुसून गाडी भरलेली घाटात चढवा, रिकामी नव्हे. स्कॅनर क्लीनरच्या हातात द्या आणि परत येईपर्यंत जुन्या सेन्सरची पिशवी टाकू नका.