थंड इंजिन सुरू होताना ठकठक येते? आधी सेकंद मोजा

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की इंजिन ठकठक वाजतं, आणि मेकॅनिककडे पोहोचेपर्यंत आवाज गेलेला असतो. म्हणून हे निदान इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचं. गाडी किमान सात-आठ तास बंद हवी. एकदा सुरू केली की पुढची संधी दुसऱ्या दिवशीच. (चढावर जोर लावताना पेट्रोल इंजिनात येणारं नॉकिंग वेगळं. तिथे इंधन अवेळी पेटत असतं.)

किल्ली फिरवण्याआधी गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत असू द्या. डिपस्टिक (ऑईलची पातळी मोजायची पट्टी) काढून पुसा, परत घाला आणि मग पातळी बघा. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण १ लिटरचा फरक असतो. ऑईल खालच्या खुणेखाली असेल तर आधी भरा, नाहीतर पुढचं सगळं ऐकणं वाया जाईल. ऑईलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते पातळ झालंय, बदलावं लागेल. शेवटच्या सर्व्हिसला कुठल्या ग्रेडचं ऑईल घातलं तेही तपासा. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे जास्त घट्ट ऑईल घातलं तर थंडीत ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचतं.

आता एकाने सेल्फ मारायचा, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता. दुसऱ्याने बॉनेट उघडून उभं राहायचं आणि सेल्फच्या आधीपासून फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवायचं. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी बेल्टजवळ नको. आवाज कुठून येतो हे नेमकं ऐकायला मेकॅनिकचा स्टेथोस्कोप घ्या, किंवा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावा.

आवाज कसा आहे यापेक्षा तो किती वेळ टिकतो यावरून जास्त कळतं.

एक ते तीन सेकंदांत थांबला तर बहुधा ऑईल पोहोचायला उशीर होतोय. ऑईल फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते, ती इंजिन बंद असताना ऑईल मागे सांडू देत नाही. स्वस्त फिल्टरमधलं रबर कडक झालं की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो, आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर जास्तच. मग सकाळी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) टकटक करतात, किंवा टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर ढिला राहून चेन खडखडते. खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला तर इंधन बंद राहतं. असा पाच सेकंद सेल्फ मारा, पाय काढा आणि गाडी सुरू करा. आवाज आला नाही तर कारण ऑईलच. चांगल्या प्रतीचा फिल्टर लावून तीन-चार सकाळी ऐका. फिल्टर बदलूनही चेनची खडखड दिवसेंदिवस लांबत असेल तर टेन्शनर आणि चेन उघडून बघा, टाळाटाळ नको. चेन चक्राच्या दातावरून सरकली तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

दोन ते पाच मिनिटं टिकून, इंजिन तापेल तसा विरत जाणारा आवाज दोन ठिकाणचा असू शकतो. फटफट, फुसफुस अशा अंगाचा असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाईपांच्या जोडाचं) गॅस्केट किंवा तिथला तुटलेला स्टड (बोल्ट). धातू तापून फुगला की फट बुजते. जोडाजवळ काळी काजळी दिसते, आणि सुरू केल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात साबणाचं पाणी फवारलं तर बुडबुडे येतात. दबका, पोकळ आवाज ब्लॉकच्या मधल्या भागातून येत असेल तर तो पिस्टनचा. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो, त्यामुळे थंडपणी फट मोठी असते आणि पिस्टन बाजूला आपटतो. ऑईल पीत नसेल तर असं इंजिन वर्षानुवर्षं चालतं. गरम होईपर्यंत जोरात रेस मात्र करू नका.

इंजिन गरम झालं तरी ठोका जात नाही, उलट ऑईल पातळ झाल्यावर जड होतो, खालून येतो आणि थोडी रेस देऊन सोडताना स्पष्ट ऐकू येतो, तर कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग समजा आणि इंजिन लगेच बंद करा. ऑईलचा दिवा विझलाय यावर विसंबू नका. अनेक गाड्यांत तो ऑईलचा दाब ०.३ ते ०.५ बारच्या आसपास उतरल्यावरच पेटतो. हा दिवा लावणारा प्रेशर स्विच काढून त्या जागी दाब मोजणारा गेज लावा आणि आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडा.

कुठला सिलिंडर ते शोधायला इंजिन थोडाच वेळ पुन्हा सुरू करून एकेका इंजेक्टरचा (इंधन फवारणाऱ्या भागाचा) वायरचा प्लग काही सेकंद काढा. ठिणगी देणारी कॉइल काढू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जातं. ज्याचा प्लग काढल्यावर ठोका मंदावतो, तो सिलिंडर. पण पिस्टनचा आवाजही असाच मंदावतो, म्हणून शेवटची खात्री ऑईलमधूनच. फिल्टर कापून आतला कागद पसरा. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी किंवा तांबूस कपटे दिसले तर बेअरिंग झिजलंय, गाडी टो करूनच न्या.