वायफाय फुल पण नेट नाही, शेवटी जमलं (माझा अनुभव)
दादरला आमच्याकडे फायबर आहे, आतल्या खोलीत रेंज येईना म्हणून कंपनीच्या डब्याला (मोडेमला) स्वतःचा राउटर जोडला. वायफायचे दांडे फुल, खाली 'नो इंटरनेट', आणि लॅपटॉप थेट डब्याला लावला की नेट मस्त चालू. दोन्ही रीस्टार्ट केले, केबल बदलली, राउटर रीसेट केला, कस्टमर केअरवाले परत रीस्टार्टच सांगतात, डोकं उठलं नुसतं.

भानगड आयपीची, म्हणजे नेटवर्कमधल्या पत्त्याची होती. डबा आणि राउटर दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१, मग राउटरला कळणार कसं डेटा बाहेर पाठवायचा की घरातच.

आधी राउटरच्या वॅन पोर्टची (डब्याकडून येणारी) केबल काढा. मोबाइल डेटा बंद करून फोन राउटरच्या वायफायला जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, लॉगिन करून लॅन (घरातलं नेटवर्क) सेटिंगमध्ये आयपी १९२.१६८.२.१ करा आणि सेव्ह. राउटर रीबूट झाला की वायफाय परत जोडा, आता नव्या पत्त्यावर लॉगिन, वॅन टाइप डायनॅमिक आयपी (म्हणजे पत्ता डब्याकडून आपोआप मिळतो) आहे ना बघा, मगच केबल लावा. स्टेटसमध्ये वॅन आयपी १९२.१६८.१ ने सुरू होणारा दिसला की नेट आलं.

डबा ब्रिज मोडवर (म्हणजे तो नेट नुसतं पुढे पाठवतो) असेल तर हे चालणार नाही, तिथे बहुतेक वेळा पीपीपीओईचं (कंपनीच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये टाकावं लागतं.