प्रदर्शनासाठी खोंड तयार करताय? आधी त्याला उभं राहायला शिकवा

पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो नाहीतर खरसुंडीची पौषी यात्रा, खिलार जातीच्या खोंडांच्या (तरुण नरांच्या) रिंगणात दरवर्षी तेच बघायला मिळतं. अंग चकचकीत, गळ्यात घुंगुरमाळ, शिंगांना गोंडे आणि मालक कासऱ्याला, म्हणजे धरायच्या दोराला, लोंबकळतोय. पंच दोन पावलं पुढं आले की खोंड गर्रकन फिरतो आणि त्यांना दिसतं ते फक्त शेपूट. खुराकावर पैसे ओतलेले असतात, उभं राहायला मात्र कुणी शिकवलेलं नसतं. घरातलं शाळकरी पोर यंदा खोंड मीच धरणार म्हणून हट्टाला पेटलं असेल, तर पेंडीच्या आधी कासऱ्याचा विचार करा. निदान तीन महिने हातात ठेवा.

निवडीबद्दल थोडक्यात. लांबट अरुंद डोकं, कपाळावर मधोमध हलकी खाच, बुडाशी जवळ असलेली आणि मागं जाऊन धनुष्यासारखी वर वळलेली शिंगं, घट्ट कातडी, आटोपशीर पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी), सरळ पाय. यातलं जे नाही ते खुराकानं येणार नाही. गट ठरतो तो दातांवर: आदत (दुधाचे दात न पडलेला), दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला (सगळे पक्के दात आलेला). नाव नोंदवायच्या आधी खालचा जबडा स्वतः उघडून बघा. वर पुढचे दात गाईबैलांना नसतातच, तिथं शोधत बसू नका.

कानात ओळखीचा बारा अंकी बिल्ला हवा. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची (कातडीवर गाठी आणणाऱ्या रोगाची) लस निदान महिनाभर आधी टोचून घ्या, दाखला खिशात ठेवा. 2022 साली लम्पीनं बाजार आणि प्रदर्शनं बंद पाडली होती, त्यामुळे प्रवेशापाशी दाखल्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

खुराक जो चालू आहे तोच ठेवा, वाढवायचा तर आठवड्या-आठवड्यानं थोडा थोडा. आदल्या रात्री कणीक आणि गूळ चारून पोट भरदार दाखवायचा सल्ला तुम्हाला शंभर जण देतील. एकाचंही ऐकू नका. सवय नसलेलं पीठ एकदम पोटात गेलं की ते आंबतं, खोंड रवंथ सोडतो, हगवण लागते, कधीकधी जनावर हातचं जातं. पोट कडब्यानं आणि पाण्यानं भरतं.

आता कासरा. मला सगळ्यात जास्त घाम फोडला तो या कामानं, त्यामुळे इथं सविस्तर सांगतो.

सुरुवात मोरकीवर (तोंडाभोवतीच्या दोरीवर) करा, वेसणीवर (नाकातल्या दोरीवर) नाही. वेसण नुकतीच टोचलेली असेल तर जखम पुरती भरेपर्यंत तिला हातच लावायचा नाही. पहिले काही दिवस नुसतं बांधायचं. खांब पक्का, गाठ खोंडाच्या खांद्याच्या उंचीवर, दोर हातभर आणि एका ओढीत सुटेल अशी गाठ. दोर लांब ठेवलात तर पाय अडकतो आणि खोंड आडवा होतो. तो ओढून बघेल, झटके देईल, मग थांबेल. तोवर तुम्ही तिथंच बसायचं. बांधून चहाला जाणाऱ्याला मी खोंड धरू देत नाही.

मग चालवणं. तहान लागलेल्या वेळी हौदाकडं न्या, जाताना तो आपसूक येतो. परतताना अडतो, आणि शिकवायची वेळ तीच. समोर उभं राहून ओढू नका. त्याचं वजन तुमच्या चौपट आहे, ती रस्सीखेच तुम्ही हरणारच. बाजूला जा, मान आपल्याकडं वळवा. तोल ढळला की त्याला पाय उचलावाच लागतो. पाय उचलला त्याच क्षणी कासरा ढिला सोडा. खोंड ओढण्यानं शिकत नाही, ढील मिळाल्यानं शिकतो. ढील उशिरा दिलीत, किंवा तो मागं खेचत असताना कंटाळून सोडून दिलंत, तर मागं खेचलं की सुटका होते हेच त्याच्या डोक्यात बसतं. ते काढायला महिना जातो.

कासरा मनगटाला कधीही गुंडाळू नका. हे पोराला रोज सांगा, आणि स्वतःही करू नका, कारण पोरं बघून शिकतात. आदत खोंडसुद्धा उधळला तर माणसाला फरफटत नेतो. पोर एका बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूला दुसरा कासरा धरून मोठं माणूस हवंच. शेपूट पिरगाळणं, पराणीची आर टोचणं हे प्रकार माझ्या गोठ्यात चालत नाहीत. टोचलेला खोंड पंचांसमोर स्थिर राहत नाही, माणसाचा हात दिसला की दचकतो.

चालायला लागला की थांबवणं शिकवा. पुढचा पाय मागं घ्यायचा असेल तर खांद्याच्या टोकावर बोटांनी दाबा. मागचे पाय जुळवायचे असतील तर एक पाऊल पुढं घेऊन पुन्हा थांबवा. चारही पाय चौकात आले की हनुवटीखाली हात देऊन मान उचला आणि दुसऱ्या हातानं पोळी खाजवा. पोळी खाजवली की बहुतेक खोंड डोळे मिटतात. सुरुवातीला काही क्षण पुरेत. तो हलायच्या आधी तुम्हीच त्याला चालवा, म्हणजे थांबणं कधी संपतं हे तुम्ही ठरवता.

आणि परका हात. पंच दात बघणार, वशिंडावर हात फिरवणार, खूर बघणार. म्हणून रोज वेगळ्या माणसाला पंच करा: शेजारी, पाहुणा, दूधवाला, जो सापडेल तो. तोंड उघडायची सवय नसलेला खोंड दातांच्या वेळी मान हिसडतो आणि पोर घाबरतं. हलगीचा आवाज मोबाइलवर आधी लांबून लावा, तोही गव्हाणीत वैरण असताना, मग हळूहळू जवळ आणा.

खुरं वाढली असतील तर तीन आठवडे आधी जाणत्याकडून कापून घ्या, शेवटच्या आठवड्यात नको, लंगडला तर गेलं. शिंगं काचेनं तासू नका. ओल्या गोणपाटानं घासा, बोटभर तेल लावा. अंघोळ आदल्या दिवशी. अंगाला तेल चोपडणाऱ्याच्या खोंडावर यात्रेची धूळ बसते, ती त्यालाच शोभते.

रात्रीच पोहोचा. वैरण घरची न्या. पाणी घरचं शक्य नसेल तर तिथलं लवकर दाखवून बघा, नाहीतर ऐन वेळी तोंड लावत नाही. झूल मिरवणुकीला घाला. पंच आले की उतरवा, ते कापड बघायला आलेले नाहीत. रिंगणात पुढच्या खोंडाशी दोन खोंडांचं अंतर ठेवा आणि पोराला सांगून ठेवा: नजर पंचांवर, बोटं कासऱ्यावर, गर्दीत मित्र दिसला तरी हात हलवायचा नाही.

घरी आल्यावर दोन आठवडे त्याला बाकीच्या जनावरांपासून लांब बांधा. तोंड, खुरं आणि कातडी रोज बघा, आणि गाठ किंवा फोड दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.