सी-टाइप कनेक्टर आणि ब्लूटूथ हेडफोन: या चुका टाळा

२०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक काढला, तेव्हा काही कंपन्यांनी टर उडवली. मग एकेकीने तेच केलं. आपले जुने, चांगले इअरफोन ड्रॉवरमध्ये गेले, आणि ते वापरता यावेत म्हणून आपण कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातून सी-टाइपचा कनेक्टर आणला.

पहिली चूक तिथेच होते. हे कनेक्टर दिसायला सारखे, पण जाती दोन. एकात नुसत्या तारा असतात. तो चालायला फोनच्या पोर्टमधून तयार ॲनालॉग (म्हणजे इअरफोन थेट वाजवू शकेल असा) आवाज बाहेर यावा लागतो, आणि तो सगळ्याच फोनमधून येत नाही. दुसऱ्यात ‘डॅक’ ही बारीक चिप असते, जी डिजिटल सिग्नलपासून आवाज बनवते. मी स्वस्तातला उचलला. बसमध्ये इअरफोन कानात, आणि गाणं खुशाल स्पीकरवर! मैत्रिणीच्या फोनवर तोच कनेक्टर झकास चालला, म्हणजे माल खराब नव्हताच. पाकिटावर ‘डॅक’ लिहिलंय का ते बघा, आणि दुकानातच स्वतःच्या फोनला लावून ऐका.

आईवडिलांसाठी फोन घेताना रेडिओचंही विचारा. मोबाइलमधल्या एफएमला इअरफोनची वायर हीच अँटेना. ब्लूटूथ जोडून सकाळची आकाशवाणी लागत नाही.

वायरलेसमधली सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: गाणी छान, पण मीटिंग सुरू झाली की आवाज डब्यातून आल्यासारखा. हेडफोन परत करायला धावू नका. त्याचा माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या मोडवर जातं, आणि त्यात आवाजाचा दर्जा पडतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, हेडफोन नुसता ऐकायला ठेवा.

वायरलेस इअरबडच्या जोडीतला एकच बड वाजतोय? चार्जिंगच्या डबीतल्या पिना आणि बडवरचे धातूचे ठिपके कोरड्या कापसाने पुसा. घाम-मळ साचला की तो बड चार्जच होत नाही. फोनच्या सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत डावा-उजवा बॅलन्सही बघा, चुकून सरकलेला असतो.

आणि मोबाइलवरच्या हार्मोनियमवर रियाज करणाऱ्यांनी ब्लूटूथचा नाद सोडावा. व्हिडिओ ॲप चित्र थोडं मागे ठेवून आवाजाशी जुळवून घेतं. पट्टीवरच्या बोटाला तशी सोय नाही, सूर कानात उशिराच येतो.