घरच्या बिअरसाठी होज कनेक्टर जोडताना या चुका टाळा

बिअरचं वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, फिरवणारा पंप नवा कोरा, तरी धार करंगळीएवढी. अशा वेळी पंपाला नावं ठेवली जातात, पण दोष बहुतेकदा पंपापर्यंत येणाऱ्या जोडांत असतो. या कामाचे लहान मॅग्नेटिक ड्राइव्ह पंप स्वतःहून पाणी ओढत नाहीत. वरून वाहत आलेलं पुढे ढकलायचं, एवढंच ते करतात. म्हणून पंप भांड्याच्या चावीपेक्षा खाली हवा आणि त्याच्याकडे येणारी वाट सगळ्यात मोकळी हवी.

होतं नेमकं उलटं. नळी घेतात अर्धा इंची, म्हणजे आतून १२.७ मिमी, आणि तिच्या तोंडाशी ९ मिमी भोकाचा क्विक डिस्कनेक्ट, म्हणजे झटकन लावायचा-काढायचा जोड, बसवतात. वाट तिथेच निम्मी झाली. दुकानात आट्यांच्या मापावर जाऊ नका, आतलं भोक मोजा. वेग कमी-जास्त करायची चावीही पंपाच्या पुढे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या बाजूला हवी, मागे नको. मागची आवळली की उकळतं वर्ट पंपाच्या तोंडाशीच वाफ धरतं, आत खडखड होते आणि धार तुटते.

गळतीचंही तसंच. पंपाच्या पुढचा जोड सैल असेल तर ठिबकून सांगतो. मागचा लबाड असतो: पंप बंद असताना ओलसर, चालू केला की कोरडा, कारण तेव्हा तो हवा आत घेत असतो. पारदर्शक सिलिकॉन नळीत बुडबुड्यांची माळ दिसली तर आधी गार पाण्यावर पंप चालवून पाहा. आतली हवा निघून गेल्यावरही बुडबुडे येत राहिले, तर जोड गळतोय. फक्त गरम असतानाच दिसले, तर ती वाफ.

आता आटे. त्यांची दोन मापं आहेत: अमेरिकेत एनपीटी, भारतात आणि ब्रिटनमध्ये बीएसपी. अर्ध्या इंचाला दोन्हींत इंचामागे १४ आटे, पण कोन एकाचा ६० अंश, दुसऱ्याचा ५५. त्यामुळे दोन-तीन फेरे छान बसतात, मग अडतात. तिथे टेफ्लॉन टेपचे दहा वेढे मारून काम उरकू नका, गरम झाल्यावर गळेलच. भारतातून नेलेला बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आत चेंडू असलेली चावी, अमेरिकेतल्या भांड्याला लावताना ही चूक हमखास होते. जोडी बरोबर असेल तर चार-पाच वेढे पुरतात, आटा ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने. स्टीलवर स्टील असेल तर टेप हवाच, नाहीतर आटे एकमेकांत जाम होतात.

कॅमलॉक, म्हणजे दोन कान दाबून बंद होणारा जोड, घेताना मांडणी आधी ठरवा. त्याचे प्रकार अक्षरांनी ओळखतात. सगळ्या नळ्यांना सी (नळीवर बसणारं मादी टोक), सगळ्या भांड्यांच्या चाव्यांना एफ (बाहेरून आटे असलेलं नर टोक). पंपाला बाहेरून आटे असतील तर तिथे ए (आतून आटे असलेलं नर टोक). मग कोणतीही नळी कुठेही बसते. इथे सी, तिथे ई (नळीवर बसणारं नर टोक) अशी सरमिसळ केली की ऐन वेळी हवी ती नळी दोन्ही टोकांना चुकीची निघते. ॲल्युमिनियमचे कॅमलॉक स्वस्त मिळतात, पण अल्कलीयुक्त क्लीनर त्यांना खातो. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्या. आतला काळा वायसर काढून सिलिकॉनचा घाला. कॅमलॉकच्या तोंडाला टेप लावू नका, तिथे सील वायसर करतो. दोन्ही कान एकदमच दाबा.

चिलरच्या, म्हणजे वर्ट गार करणाऱ्या साधनाच्या, पुढची बाजू वेगळी. तिथे वर्ट गार असतं, उकळी जंतू मारायला नसते आणि आट्यांच्या खाचांत घाण बसते. शक्यतो ट्राय-क्लॅम्प, म्हणजे आट्यांऐवजी पट्ट्याने आवळायचा जोड, वापरा. बॉल व्हॉल्व्ह थ्री-पीस (तीन भागांत उघडणारा) घ्या, म्हणजे चेंडूमागे साचलेलं काढता येतं. तयार बिअरसाठी सिलिकॉन नळी नकोच, तिच्यातून ऑक्सिजन आत झिरपतो.

नळी सोडवताना क्रम पाळा: पंप बंद, दोन्हीकडच्या चाव्या बंद, मग कान. एक कान उघडून ‘बघू या’ म्हटलं, तर उकळतं वर्ट थेट मनगटावर येतं.

महाराष्ट्रात घरी बिअर करायला परवाना लागतो. तो नसेल तर हीच मांडणी पाण्यावर चालवून बघण्यापुरती ठेवा.