खासगी गाइड ठरवताना

जुन्या शहरात पायी फिरायला खासगी गाइड घेताय, तर बुकिंग करतानाच सांगून टाका: रस कशात आहे, किती चालवेल, सोबत कोणाचे गुडघे दुखतात. दगडी फरसबंदीवर दोन किलोमीटरसुद्धा जीव काढतात. आतल्या प्रवेशाची तिकिटं दरात धरलीत का, हेही विचारा. बऱ्याचदा सांगितलेला दर म्हणजे गाइडची नुसती फी असते. काही ठिकाणी वास्तूच्या आत माहिती द्यायला परवाना लागतो, तो आहे ना बघा. फेरी शक्यतो पहिल्याच दिवशी, सकाळी लवकर ठेवा. गर्दी कमी असते, आणि ओळखीच्या झालेल्या गल्ल्या नंतर आपल्या आपण धुंडाळता येतात. गाइड सनावळ्यांतच अडकला, तर खुशाल मध्येच विचारा, ‘त्या खिडक्या विटांनी का बुजवल्यात?’ पैसे त्यासाठीच तर मोजलेत.