रेडिओ घड्याळाची पहिली रात्र: तयारीची यादी

रेडिओ सिग्नलवर स्वतःची वेळ जुळवून घेणारं डिजिटल घड्याळ नवं कोरं हातात आलं, की लगेच सगळी बटणं दाबून बघावीशी वाटतात. तो मोह एक संध्याकाळ आवरा. हे घड्याळ दिवसभर मनगटावर असतं खरं, पण त्याचं महत्त्वाचं काम रात्री चालतं. दूरवरच्या एका केंद्राकडून येणारा अगदी क्षीण सिग्नल ते शांतपणे ऐकतं आणि त्यावरून सेकंद जुळवतं. त्याला नीट ऐकू यावं एवढी सोय आपण झोपण्याआधी करून द्यायची असते. ही सोय न झाल्यामुळे कितीतरी उत्तम घड्याळं वर्षानुवर्षं साध्या घड्याळासारखी वापरली जातात, आणि मला त्याची मनापासून हळहळ वाटते. म्हणून ही यादी, मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने.

पेटी उघडायच्या आधी नकाशा बघा. वेळेचा हा सिग्नल जगात मोजक्याच ठिकाणांहून निघतो. जर्मनीत फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेन इथून ७७.५ किलोहर्ट्झवर, इंग्लंडमध्ये कंब्रियातल्या अँथॉर्नहून ६० किलोहर्ट्झवर, अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सहून ६० किलोहर्ट्झवर. जपानमध्ये दोन केंद्रं आहेत, फुकुशिमाकडचं ४० वर आणि क्यूशू बेटावरचं ६० वर. चीनमध्ये शांगच्यू इथून ६८.५ किलोहर्ट्झवर. कॅसिओच्या घड्याळांवर ‘मल्टिबँड ६’ लिहिलेलं असतं त्यातले सहा म्हणजे हेच. भरवशाचा पल्ला साधारण असा धरा: जर्मनी, इंग्लंड आणि चीनच्या केंद्रांचा १५०० किलोमीटर, जपानच्या केंद्रांचा १०००, अमेरिकेच्या केंद्राचा ३०००. या वर्तुळांत तुमचं गाव बसत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. बसत नसेल, आणि भारत या वर्तुळांच्या बाहेरच पडतो, तरी निराश होऊ नका. त्याचा मार्ग शेवटी सांगितला आहे.

मग घड्याळ उलटं करा. मागच्या झाकणावर चौकटीत कोरलेला एक नंबर असतो, बऱ्याचदा चार आकडी. तो मॉड्यूल नंबर, म्हणजे आतल्या यंत्राचा नंबर. तो टिपून ठेवा आणि कंपनीच्या साइटवरून त्याच नंबरचं मॅन्युअल मोबाइलमध्ये उतरवून घ्या. पेटीतली घडीची पुस्तिका वर्षभरात हरवते, आणि बटणांचे क्रम मॉडेलागणिक बदलतात. कुठलं बटण दोन सेकंद दाबून धरायचं हे दर वेळी आठवत बसण्यापेक्षा हे बरं.

घड्याळ सोलर असेल तर आता त्याला उजेड द्या. दुकानातल्या काचेमागे किंवा बंद पेटीत ते महिनोन्‌महिने पडलेलं असू शकतं. चार्ज कमी असला की घड्याळ सगळ्यात आधी रेडिओ बंद करतं, कारण ऐकण्याच्या कामाला नुसती वेळ दाखवण्यापेक्षा जास्त वीज लागते. बॅटरीची खूण वरच्या किंवा मधल्या पातळीवर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. खिडकीतल्या उन्हात ते एक-दोन दिवस राहू द्या, पण गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा तापणाऱ्या बल्बखाली ठेवू नका. उजेड हवा, भट्टी नको. शर्टाच्या लांब बाहीखाली रोज झाकलं जाणारं घड्याळ हळूहळू उपाशी पडतं, हेही आत्ताच मनाशी नोंदवून ठेवा.

घड्याळ साध्या सेलवर चालणारं असेल तर ही पायरी सोडा.

यानंतर होम सिटी, म्हणजे घड्याळाच्या सेटिंगमध्ये आपलं म्हणून निवडायचं शहर. यादीतलं हे सगळ्यात नाजूक काम आहे, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. होम सिटी म्हणजे फक्त टाइमझोन असं आपण समजतो. पण इंग्लंड, अमेरिका आणि क्यूशूचं केंद्र, तिघंही ६० किलोहर्ट्झवरच बोलतात, आणि तिघांची भाषा वेगळी. सेकंदाला किती वेळ सिग्नल दबला म्हणजे शून्य आणि किती वेळ दबला म्हणजे एक, याचे नियम प्रत्येकाचे निराळे. तुम्ही लंडन निवडलं की घड्याळाला कळतं, आज इंग्लंडची भाषा ऐकायची. टोकियो निवडलं तर जपानची. चुकीचं शहर निवडलेलं घड्याळ सिग्नल अगदी ठणठणीत असला तरी हात हलवत बसतं. म्हणून तुमच्या टाइमझोनमधलं आणि तुमच्या केंद्राच्या पल्ल्यातलं शहर निवडा. डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करण्याची पद्धत, पाळणाऱ्या देशात असाल तर ती सेटिंग ‘ऑटो’वर ठेवा. उन्हाळी वेळ चालू आहे की नाही हे जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिकेचे सिग्नल स्वतःच सांगतात.

आता अंदाजे वेळ आणि तारीख हाताने लावा. घड्याळ स्वतः वेळ घेणारच आहे, मग हे कशाला? याचं कारण मला बऱ्याच उशिरा उमगलं. आपोआप ऐकण्याची वेळ ठरलेली असते, बहुधा मध्यरात्र ते पहाटे पाच, आणि ती घड्याळाच्या स्वतःच्या वेळेप्रमाणे. घड्याळात दुपार आणि रात्र यांची अदलाबदल झाली असेल तर ते भर दुपारी, तुमच्या मनगटावर, लोकलच्या गर्दीत किंवा ऑफिसच्या वायरींच्या जंजाळात सिग्नल शोधायला लागतं आणि अर्थातच हरतं. २४ तासांची पद्धत लावून टाका म्हणजे हा घोळ होत नाही. गजर, तासाची टिकटिक, बटणांचा आवाज हे नंतर लावलं तरी चालेल. फक्त काउंटडाउन टायमर चालू असेल तर तो बंद करा, कारण अनेक मॉडेलं टायमर चालू असताना ऐकायचं टाळतात. स्क्रीनही वेळेच्या नेहमीच्या मोडवर आणून ठेवा.

राहिली जागा. इथे थोडं रेंगाळूया.

६० किलोहर्ट्झची लहर तब्बल पाच किलोमीटर लांब असते. ती जमिनीला लगटून प्रवास करते, डोंगर-दऱ्यांना फारशी जुमानत नाही, आणि म्हणूनच एकच केंद्र एवढ्या मोठ्या प्रदेशाला पुरतं. पण एवढी लांब लहर पकडायला घड्याळात जागा किती? बोटाच्या पेराहून लहान अशी फेराइट या चुंबकीय पदार्थाची एक कांडी आणि तिच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. बस, एवढीच अँटेना. १९९० साली युंगहान्स या जर्मन कंपनीने ‘मेगा १’ हे पहिलं रेडिओ मनगटी घड्याळ आणलं, तेव्हा अँटेना मावेना म्हणून ती पट्ट्यात बसवावी लागली होती. आज ती केसच्या, म्हणजे घड्याळाच्या डबीच्या आत, बऱ्याच मॉडेलांत १२ च्या बाजूला, आडवी बसवलेली असते. एवढ्याशा कानाला शेजारच्या कुठल्याही उपकरणाची गुणगुण केंद्रापेक्षा मोठी ऐकू येते. मोबाइल चार्जर, एलईडी दिव्याचा अडॅप्टर, टीव्ही, कॉम्प्युटर, वायफाय राउटर, फ्रिज या सगळ्यांपासून घड्याळ दोन-तीन मीटर तरी लांब हवं. माझं एक घड्याळ सलग चार रात्री अपयशी ठरलं होतं. मी सिटी तपासली, चार्ज तपासला, सगळं ठीक. शेवटी लक्षात आलं की खिडकीच्या कट्ट्याखालच्याच प्लगमध्ये टेबललॅम्पचा अडॅप्टर होता, दिवा बंद पण अडॅप्टर चालू. तो काढला आणि त्याच रात्री सिग्नल आला.

तेव्हा खिडकीचा कट्टा निवडा, जमलं तर केंद्राच्या दिशेची खिडकी. घड्याळाची १२ ची बाजू बाहेर, केंद्राकडे करा. फेराइटची कांडी दिशा ओळखते. ती केंद्राच्या दिशेला काटकोनात आडवी असली तर सिग्नल भरघोस येतो, आणि तिचं टोक केंद्राकडे झालं तर जवळजवळ काहीच येत नाही. लोखंडी ग्रिल, धातूचं कपाट, लोखंडी पलंग यांवर किंवा यांना चिकटून ठेवू नका. घड्याळाचाच पट्टा स्टीलचा असेल तर तो केसखाली गुंडाळला जाणार नाही अशा बेताने घड्याळ कुशीवर उभं करा. काँक्रीटच्या जाड भिंतींच्या घरात खोलीच्या मधोमध ठेवण्यापेक्षा काचेजवळचा एक फूटसुद्धा फरक पाडतो.

झोपण्याआधी एकदा हाताने रिसीव्ह करून बघा. रिसीव्हचं बटण दोन सेकंद दाबून धरा, घड्याळ कट्ट्यावर ठेवा आणि हात काढून घ्या. बऱ्याच स्क्रीनवर सिग्नलच्या ताकदीची खूण दिसते, एकपासून तीनपर्यंत. ती एकवर येते, पुन्हा पडते, दोनवर जाते. घड्याळ थोडं वळवून ठेवा आणि परत बघा. ही खूण तीनवर जिथे टिकते ती तुमच्या घरातली जागा. ती एकदा सापडली की कायमची सापडली.

या वेळी आत काय चाललंय हे माहीत असलं की थांबणं सोपं जातं. माइनफ्लिंगेनचा सिग्नल प्रत्येक सेकंदाच्या सुरुवातीला क्षणभर मंद होतो. एक दशांश सेकंद मंद झाला तर शून्य, दोन दशांश झाला तर एक. अशा खुणांनी मिनिट, तास, दिवस, वार, महिना, वर्ष असं एक पूर्ण वाक्य तयार होतं आणि ते बोलायला अख्खं मिनिट लागतं. ५९ व्या सेकंदाला खूण येतच नाही. ती रिकामी जागा म्हणजे, सांभाळा, आता पुढच्या खुणेला नवं मिनिट. आणि सांगितलेली वेळ असते ती त्या येणाऱ्या मिनिटाची. मधली एखादी खूण गुणगुणीत हरवली तर अख्खं वाक्य बिघडतं, म्हणून घड्याळ एकापेक्षा जास्त वाक्यं ऐकून ती पडताळून घेतं. त्यामुळे सहसा दोन ते सात मिनिटं लागतात, कधी चौदाही. या काळात घड्याळ हलवू नका, बटण दाबू नका. ‘झालं का’ म्हणून उचलून बघणं म्हणजे बोलणाऱ्याचं वाक्य मध्येच तोडणं.

हाताने जमलं नाही तरी रात्र वाया गेली असं समजू नका. लांब लहरी रात्री जास्त दूर पोहोचतात, कारण दिवसा त्यांना शोषणारा वातावरणाच्या वरच्या भागातला थर सूर्यास्तानंतर विरतो. शिवाय माणसांची उपकरणंही रात्री कमी चालतात. पहाटेपर्यंत घड्याळ अनेकदा प्रयत्न करतं, आणि एकदा यश आलं की उरलेले प्रयत्न सोडून देतं.

सकाळी रिसीव्हची खूण दिसते का बघा. शेवटचा सिग्नल कधी मिळाला ती तारीख आणि वेळ बहुतेक घड्याळं एका बटणात दाखवतात. ती तारीख आजची असेल तर तुमची तयारी फळाला आली. नसेल तर एकेक गोष्ट बदला, जागा आणि सिटी दोन्ही एकाच रात्री बदलू नका, नाहीतर चूक कुठली होती ते कळणारच नाही. आणि कधीकधी चूक तुमची नसतेच. वादळात, विजा चमकत असताना सिग्नल फाटतो. केंद्रं देखभालीसाठी बंद असतात. १२ मार्च २०११ ला फुकुशिमाचं केंद्र अणुदुर्घटनेमुळे रिकामं करावं लागलं आणि २१ एप्रिलला ते परत सुरू झालं. त्या काळात क्यूशूचा सिग्नल जिथे पोहोचत नव्हता तिथली घड्याळं सिग्नलाशिवायच चालत राहिली. म्हणून चार-पाच रात्री हुकल्या तर घाबरू नका. सिग्नल नसेल तेव्हा हे घड्याळ साध्या क्वार्ट्झसारखं चालतं, महिन्याला जास्तीत जास्त पंधरा सेकंदांचा फरक. चार रात्रींचा हिशोब फार तर दोन सेकंदांचा.

प्रवासाला निघालात तर उतरल्यावर होम सिटी बदला आणि पहिल्या रात्री हॉटेलच्या खिडकीत घड्याळ ठेवा. चालत्या गाडीत किंवा विमानात रिसीव्ह करत बसू नका, बॅटरी मात्र खर्च होईल. घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवून गेलात तर ते काही दिवसांनी स्क्रीन विझवून गाढ झोपतं आणि त्या झोपेत ऐकतही नाही. परत आल्यावर आधी उजेड द्या, मग रात्रीचा कट्टा.

पल्ल्याच्या बाहेर राहणाऱ्यांसाठी आता. केंद्राच्या सिग्नलची नक्कल करणारे मोबाइल अ‍ॅप मिळतात. फोनला ६० किलोहर्ट्झ काढता येत नाही, पण तो इअरफोनच्या तारेतून २० किलोहर्ट्झ सोडतो, आणि त्याच्या तिप्पट म्हणजे ६० चा अंश तारेभोवती झिरपतो. घड्याळ तारेला अगदी टेकवून ठेवलं तर तेवढा अंश त्या छोट्या कानाला पुरतो. आवाज पूर्ण मोठा लागतो, म्हणून इअरफोन कानात घालून हे मुळीच करू नका, आणि घरात कुत्रा-मांजर असेल तर दुसऱ्या खोलीत करा, त्यांना हा आवाज ऐकू येतो. आधी फोनची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळलेली आहे याची खात्री करा, कारण घड्याळ तीच घेणार आहे. घड्याळाची सिटी टोकियो करा, अ‍ॅपमध्ये जपानचा सिग्नल लावा, हाताने रिसीव्ह सुरू करा आणि सात-आठ मिनिटं दोघांनाही हात लावू नका. सिग्नल मिळाल्याची खूण आली की होम सिटी परत आपली करा. तास आपोआप मागेपुढे होतात आणि सेकंद जसेच्या तसे राहतात. महिन्यातून एकदा एवढं केलं की पुरे.